इंदूताईंची धुराची खोली

इंदूताई सरनाईक अडीच वर्षं माझ्या शेजारीण होत्या, आणि त्या अडीच वर्षांत मला त्यांचा हेवा वाटला नाही असा एक दिवस गेला नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं वाचताना तुम्हांला वाटेल, बाई किती गुणगान करतेय. गुणगान कसलं, मी त्या बाईच्या गुणांनी बेजार झाले होते.

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कंपनीनं ज्वारीच्या रानात जोडीजोडीनं घरं बांधली होती. दोन घरांत एक भिंत सामायिक, पुढं पायऱ्या, मागं अंगण, आणि दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत. एका घरात आम्ही, दुसऱ्यात सरनाईक. आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात होते, सरनाईक मशीन शॉपचे इंजिनियर. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि जवळच्या निर्वासितांच्या कॅम्पातले दुकानदार अजून आण्यातच भाव सांगायचे. त्याच कॅम्पातल्या एका दुकानातून सरनाईक चिरुटांची लाकडी पेटी आणायचे. काळे, जाडजूड चिरूट. दिवसाला पाच-सहा तरी व्हायचे.

ज्यानं चिरुटाचा वास घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. विडीचा वास माणूस उठून गेला की त्याच्यामागं जातो. चिरुटाचा वास मुक्कामाला येतो. तो पडद्यात बसतो, गादीत बसतो, केसांत बसतो, झाकलेल्या दुधाच्या सायीत बसतो. आठ दिवसांनी कपाट उघडावं आणि घडीच्या लुगड्यातून तो बाहेर यावा, असला वास. माझ्या घरात तो होता, आणि इंदूताईंच्या घरात नव्हता. ओढणारा माणूस त्यांचा, आणि वास मात्र माझ्याकडं. माझं सगळं दुखणं एवढंच होतं.

त्या राहायला आल्या तो दिवस मला आठवतो. ट्रक दारात उभा होता, हमाल सामान उतरवायला आतुर, आणि बाई एक पेटलेली उदबत्ती हातात धरून रिकाम्या घरात फिरत होत्या. प्रत्येक खिडकीशी थांबायच्या, प्रत्येक दाराच्या फटीशी वाकायच्या. उंच, सडपातळ, डोक्यावरून पदर, नाक चांगलं लांब. मी मनात म्हटलं, धार्मिक दिसतात. सगळं घर फिरून झाल्यावर त्यांनी पुढच्या लहान खोलीकडं बोट केलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ही तुमची." सरनाईकांनी मान हलवली. मग सामान उतरलं.

त्या निपाणीच्या. वडील तंबाखूच्या वखारीत मुनीम होते आणि घर वखारीच्या अंगालाच. "आमच्याकडं पुरणपोळीला बी तंबाखूचा वास यायचा, वहिनी," त्या हसत सांगायच्या. "लग्न ठरलं तवा म्हटलं, सुटले एकदाची. तर नवरा चिरूट ओढणारा निघाला." त्यांचं नाक त्या वखारीनंच तयार केलं असणार. कॉलनीत कुणाकडं काय शिजतंय ते त्यांना अंगणातून कळायचं. कुणाचं दूध लागलं, कुणाचं तेल जुनं झालं, सगळं. पण बोलून कधी दाखवायच्या नाहीत. दूध लागलेल्या घरी अर्ध्या तासानं आपणहून तांब्याभर दूध पाठवायच्या. मला तर तो चांगुलपणासुद्धा सोसायचा नाही.

माझे दिवस राहिले तेही त्यांनाच आधी कळलं. मी अजून ह्यांनाही सांगितलं नव्हतं. अंगणात कपडे वाळत घालत होते, तर भिंतीपलीकडून हळूच विचारलं, "वहिनी, चार दिवस झाले, तुमच्याकडं हिंगाची फोडणी न्हाई. पोटात ढवळतंय का?" मी हातातलं लुगडं पुन्हा झटकलं. त्या म्हणाल्या, "कुणाला सांगत न्हाई मी," आणि खरंच सांगितलं नाही. पण माझी बातमी माझ्याआधी त्यांच्याकडं होती, ह्याचा राग मी किती दिवस धरला म्हणून सांगू. त्यांना मूल नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. हे माहीत असूनही राग धरला.

त्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. कॉलनीतल्या पंधरा-सोळा बायका मधल्या मोठ्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या, तिळगूळ, अत्तर, गुलाबदाणी, सगळं रीतसर. त्यांच्या गुलाबांची फुलं वाटली. माझ्या गुलाबावर मावा पडला होता आणि त्यांची झाडं तजेलदार. तासभर गप्पा झाल्या. निघताना इन्स्पेक्शनमधल्या कुलकर्ण्यांच्या सौभाग्यवती चुकून भलतं दार उघडून बसल्या. आत चार पुरुष आणि नुसता निळा धूर. सरनाईक, आमचे हे, आणखी दोघं, चौघांच्या तोंडात चिरूट. तासभर ते आमच्यापासून एका दाराआड बसले होते आणि सोळा बायकांपैकी एकीच्या नाकाला पत्ता नव्हता. इंदूताईंनी घाई न करता दार ओढून घेतलं. "त्यांची मीटिंग चाललीय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत दुसरा विषय नाही. इंदूताईंचं घर असं, इंदूताईंचं घर तसं. आमचे हेसुद्धा रात्री जेवताना म्हणाले, "सरनाईकांच्या घरात शिरलं की नुसत्या धुतलेल्या कपड्यांचा वास येतो." मी वाढता वाढता पळी भांड्यात आपटली. म्हटलं, "येणारच. ते घाण सगळी आपल्या खुर्चीत बसून करतात ना."

खोटं नव्हतं ते. सरनाईकांच्या खोलीत गादी नाही, उशी नाही, पडदा नाही, नुसती एक लाकडी खुर्ची आणि टेबल. आत जाताना खुंटीवरचा जुना कोट चढवायचा, बाहेर येताना काढून तिथंच ठेवायचा, मोरीवर हात धुवायचे, चूळ भरायची. इंदूताईंचे नियम. आणि आमच्या बाहेरच्या खोलीत होती माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली आरामखुर्ची, जाड गादीची. चाकणच्या शाळामास्तरानं लेकीला द्यायची म्हणजे किती पोटाला चिमटा काढून दिली असेल. कामावरून सुटलं की सरनाईक नकाशांबद्दल बोलायला म्हणून आमच्याकडं यायचे, त्या खुर्चीत पाय पसरायचे आणि दिवे लागेपर्यंत दोन चिरूट सावकाश ओढायचे. त्यांच्या नादानं ह्यांनाही सवय लागली. सरनाईक म्हणजे मोठा मोकळा माणूस. माझ्याशी अदबीनं बोलायचे, चहाला नावं ठेवायचे नाहीत. पण ते गेले की खुर्ची तशीच धुमसत असायची. इंदूताई एकदा म्हणाल्या, "ह्यांना तुमच्याकडं बरं वाटतं." मला ते टोचून बोलणं वाटलं. माझ्या जिवावर स्वतःचं घर स्वच्छ ठेवता आणि वर मलाच सांगता, असं मनात आलं.

तोपर्यंत हा नुसता जळफळाट होता. पुढं त्यात माझ्या सासूबाई आल्या आणि गोष्ट जिवाला लागली.

मला आई नव्हती. पहिलं बाळंतपण सासूबाईंनीच करायचं होतं. त्या देहूच्या, गळ्यात तुळशीची माळ, सोबत पितळेचे देव. स्वतः सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायच्या, पण तो तंबाखू त्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हता. चिरूट मात्र पाप. मागं एकदा आल्या होत्या तेव्हा उंबऱ्यातूनच परतल्या होत्या. आता त्यांचा निरोप आला, "त्यो वास गेला तर फाल्गुनात येते. मढं जळाल्यावानी वास येतो त्या घरात माझं देव मी मांडायची न्हाई." फाल्गुनात मला नववा लागत होता. म्हणजे सासूबाई हव्यात तर वास जायला हवा, आणि वास घालवायची विद्या पिंपरीत एकाच बाईला येत होती. विचारायचं म्हटलं असतं तर दोन घरांच्या मध्ये फक्त ती कमरेएवढी भिंत होती. मी विचारलं नाही. चोरून बघायचं ठरवलं.

आमच्या मागच्या दारातून त्यांच्या घरातला बोळ दिसायचा आणि बोळाच्या टोकाला सरनाईकांच्या खोलीचं दार. दोन दिवस नजर ठेवली. रोज सकाळी ते आत जाऊन बसले की इंदूताई उदबत्ती पेटवून त्या दाराशी उकिडव्या बसायच्या, उदबत्ती खालच्या फटीशी धरायच्या, क्षणभर बघायच्या आणि उठायच्या. मला आल्या दिवसाची फेरी आठवली. म्हटलं, सापडलं. एवढंच होतं तर. उदबत्तीनं वास मारतात आणि एवढा तोरा.

मी कॅम्पातून उदबत्त्यांचे चार मोठे पुडे आणवले, वर ऊद आणि धूप, आणि वास गेला म्हणून देहूला निरोप धाडला. सासूबाई येणार त्या दिवशी सकाळपासून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, म्हणजे सुगंध बाहेर जायला नको. बाहेरच्या खोलीच्या दाराखाली ओलं पोतं कोंबलं, म्हणजे चिरुटाचा वास आत यायला नको. कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या खोचल्या, शेगडीवर ऊद टाकला, आणि नऊ महिन्यांचं पोट सांभाळत त्या धुरात घामाघूम होऊन बसले. सासूबाई दुपारी बैलगाडीतून उतरल्या. दार उघडलं तसा आतून लोटच बाहेर पडला. त्या दोन पावलं मागं सरल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, "आग लागली का काय बघ रं." आत आल्या, नाक वर करून उभ्या राहिल्या. उदाच्या, धुपाच्या, मोगऱ्याच्या खालून चिरूट शांतपणे वर येत होता. नुसता होता त्यापेक्षा गोडसर होऊन आणखीच ओंगळ झाला होता. "सुमे," सासूबाई म्हणाल्या, "मढं तर हायेच, वर आता त्याची पूजा बी मांडलीस."

आमची गडबड ऐकून इंदूताई भिंतीशी आल्या होत्या. सासूबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला, "उन्हातनं आलासा, पाणी तरी घ्या की," म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. सासूबाई त्यांच्या घरात शिरल्या, थांबल्या, दीर्घ श्वास घेतला. ते मला माझ्या अंगणातून दिसलं. संध्याकाळपर्यंत त्यांचे देव इंदूताईंच्या देवघरात मांडले गेले होते.

त्यानंतर महिनाभर माझी सासू शेजारच्या घरात राहिली. तिकडं झोपायची, तिकडं स्वयंपाक करायची, आणि माझं जेवण भिंतीवरून यायचं. मी माझ्या घरात पोट घेऊन बसलेली, आणि भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. सासूबाई अंगणात येऊन मला सांगायच्या, "इंदूची भाकरी बघ कशी, कागदावानी. बाई लई गुणाची हाय." मी भाकरी मोडायचे आणि ती खरंच पातळ असायची, म्हणून आणखी डोळ्यांत पाणी यायचं. ताटात इंदूताई माझ्यासाठी म्हणून लसणाची चटणी वेगळी ठेवायच्या. ती मी मुद्दाम तशीच परत पाठवायचे. दुसऱ्या दिवशी चटणी पुन्हा यायची.

मुलगी झाली. सुईण माझ्या घरी, पण पाणी तापलं इंदूताईंच्या चुलीवर, आणि मुलीला पहिल्यांदा अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्या वासात न्हाई. लेकराच्या छातीत धूर बसंल." पाळणा कुठं बांधला? शेजारी. बारसं कुठं झालं? शेजारी. माझ्या लेकीचं बारसं, मी पाहुणीसारखी लुगडं नेसून भिंतीला वळसा घालून गेले, आणि तिला पाळण्यात घालणाऱ्या पहिल्या दोघींत एक इंदूताई. त्यांनी तिला उचललं आणि तिच्या टाळूला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. बायका गाणी म्हणत होत्या. माझ्या मनात एवढंच आलं की ही बाई आता माझ्या मुलीचा वाससुद्धा घेऊन जाणार. कुणाला सांगायची लाज वाटेल असलं मन होतं माझं, पण होतं.

बाराव्या दिवसानंतर चार दिवस गेले आणि माझा ताठा मोडला. मुलगी दूध पिऊन झाली की सासूबाई तिला उचलून पलीकडं न्यायच्या, मला ते बघवेना. मी तशीच उठले, भिंतीशी गेले आणि म्हटलं, "इंदूताई, मला शिकवा." कसलं शिकवा हेही त्यांनी विचारलं नाही. हसल्या नाहीत. "उद्या अकराच्या सुमाराला येते. वारा तवा धरतो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या. हातात उदबत्ती. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती पेटवली आणि माझ्या बाहेरच्या खोलीच्या दाराशी बसल्या. "वास घेऊ नका. धूर कुठं जातो ते बघा," म्हणाल्या. उदबत्तीची रेघ खोलीतून बाहेर, माझ्या घराकडं वाकत होती. "आता मागच्या खिडक्या वीतभर उघडा. पवनेकडनं वारा हाय, आत येऊ द्या. आणि ह्या खोलीची रस्त्याकडची खिडकी पूर्ण उघडा." मी उघडल्या. रेघ डळमळली, उलटी फिरली आणि फटीतून सरळ खोलीत शिरली. मी बघतच राहिले. "वारा घरातनं खोलीत शिरला पाहिजे आणि खिडकीतनं बाहेर पडला पाहिजे. मग आत कुणी कितीबी ओढू दे. तुम्ही फट बंद केली, खिडक्या बंद केल्या, धूर बिचारा जाणार कुठं? घरातच फिरणार."

उदबत्ती सुगंधासाठी नव्हतीच. वाऱ्याची दिशा बघायला होती. आणि मी चार पुडे जाळले होते.

मग कॉलनीत ज्या गोष्टीची थट्टा व्हायची ती मला कळली. इंदूताई वर्षातून दोनदा नवऱ्याची खोली बदलायच्या. दसऱ्यानंतर वारा भोसरीकडून वाहायला लागला की टेबलखुर्ची मागच्या खोलीत, उन्हाळा लागला की परत पुढं. पुरुष हसून म्हणायचे, साहेबांची बदली झाली. दर वेळी खोली चुन्यानं पांढरी करून घ्यायच्या. कोपऱ्यांत कोळशाच्या पाट्या ठेवायच्या, तो कोळसा आठवड्यानं बंबात जाळायचा. थोटकं तिथल्या तिथं पाण्याच्या भांड्यात, आणि ते काळं पाणी गुलाबावर. मावा त्यानंच मरत होता. सगळं त्यांनी एका दुपारी सांगून टाकलं, हातचं काही राखलं नाही. खुर्चीपाशी आल्या तेव्हा गादीवर हात ठेवून थोडं थांबल्या. "ह्यातला मात्र असा जाणार न्हाई. कापूस बदलावा लागंल, लाकूड सोड्यानं घासावं लागंल."

"आणि साहेब रोज बसतात त्याचं काय?" मी विचारलं. "आमचे हे खिडकीशी बसतील. पण साहेबांना तुम्हीच सांगा ना, ओढायचं तर तुमच्या खोलीत ओढा म्हणून."

"ते मी न्हाई सांगणार," इंदूताई म्हणाल्या. अडीच वर्षांत त्यांनी मला नाही म्हटलं ते तेवढंच. "घरात मी त्यांना एका खोलीत बसवलंय, वहिनी. गादीवर बसून ओढायला त्यांना हे एकच ठिकाण हाय. तुमची मुलगी लहान हाय, तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील. पण माझ्या तोंडानं नको."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हटलं, "भाऊजी, रागावू नका, घरात बाळ आहे." सरनाईक लगेच उठले. "बरोबर आहे वहिनी, माझ्याच लक्षात यायला हवं होतं," म्हणाले, पायरीवर जाऊन चिरूट विझवला. पुढं काही दिवस नुसतेच यायचे, खुर्चीच्या कडेला दहा मिनिटं बसायचे, रिकामे हात गुडघ्यावर ठेवून. मग येणं थांबलं. मी मनातून खूश झाले. गादी कॅम्पातल्या पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची करून आणली. खुर्ची सोड्यानं घासली, आठ दिवस उन्हात ठेवली, भिंतींना चुना दिला. अंगात बाळंतिणीची ताकद नव्हती, पण जिद्द होती. सासूबाई पाळणा घेऊन परत आल्या, माझ्या घरात देव मांडले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झालं बाई इंदूच्या घरावानी." बघा, तिथंसुद्धा इंदूच.

मला खरं ते इंदूताईंच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा त्यांनी यावं, ते लांब नाक फिरवावं आणि म्हणावं की जमलं. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा मी वाट बघितली. त्या भिंतीशी येऊन बोलायच्या, मुलीला घ्यायच्या, भाजी द्यायच्या. आत मात्र आल्या नाहीत. मी बोलवायचे, तर "येते की," म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

दसरा झाला. वारा फिरला. सरनाईकांची टेबलखुर्ची मागच्या पांढऱ्या केलेल्या खोलीत गेली. त्याच आठवड्यात एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. कारखान्याचा भोंगा वाजत होता आणि इंदूताई दारात उभ्या राहून आमच्या ह्यांना हाक मारत होत्या, तीही हळू आवाजात.

घर कंपनीचं, तेव्हा महिन्याभरात सोडायचं होतं. निपाणीहून भाऊ आले, सामानाची बांधाबांध सुरू झाली. ह्या सगळ्या दिवसांत मी रोज त्यांच्याकडं जात होते. जेवण आता माझ्याकडून भिंतीवरून पलीकडं जायचं. त्या ताट रिकामं करून घासून परत द्यायच्या. रडताना मी त्यांना पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्या आपणहून माझ्या घरात आल्या. पांढरं कपाळ, तोच डोक्यावरून पदर. मी मुलीला मांडीवरून उतरवून उठले, तर हातानं बसा म्हणाल्या आणि सरळ आरामखुर्चीकडं गेल्या. बसल्या. मागं रेलल्या. "वहिनी, खिडकी लावता का जरा?" म्हणाल्या. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी खिडकी लावली. "आतलं दारबी लावा." तेही लावलं. बाहेरच्या त्या खोलीत आम्ही दोघी आणि मूल, वारा पूर्ण बंद. इंदूताईंनी मान वळवली आणि गाल खुर्चीच्या पाठीला लावला, जिथं सरनाईकांचं डोकं टेकायचं तिथं. डोळे मिटले. त्यांच्या नाकपुड्या हलताना मला दिसल्या, आणि मग मला समजलं त्या कशासाठी आल्या आहेत.

"कोट त्याच आठवड्यात धुतला होता," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "पुढच्या खोलीला चुना दिला, मागच्या खोलीत तर ते चारच दिवस बसले. पेटीत सात चिरूट राहिलेत. पण तो वास दुकानाचा. ओढल्याबिगर तो ह्यांचा होत न्हाई. घरभर शोधलं मी. कुठंच न्हाई. मग म्हटलं, वहिनींकडं असंल."

मी सोड्यानं लाकूड घासलं होतं. मी कापूस बदलला होता. ज्या माणसाला मी खुर्चीतून उठवलं त्याचा वास मी आठ-आठ दिवस उन्हात घालून मारला होता.

त्या बराच वेळ तशाच बसल्या. एकदा खाली वाकून खुर्चीच्या हातावर नाक लावलं, एकदा गादीच्या शिवणीशी. मुलगी रांगत जाऊन त्यांचा पदर ओढायला लागली. तिला त्यांनी उचललं नाही. शेवटी उठल्या, पदर सारखा केला, आणि भिंतींकडं, छताकडं, सगळ्या खोलीवर एकदा नजर फिरवली.

"पार गेला की हो वास," म्हणाल्या. "चांगलं जमलं तुम्हांला."

सात महिने मी ह्या वाक्याची वाट बघत होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो त्यांना कधी जमलाच नाही. आणि तुम्हांला खरं सांगू, त्या क्षणीसुद्धा मला त्यांचा हेवा वाटला. नवऱ्याच्या त्या ओंगळ वासासाठी शेजारणीच्या घरी यावं, खिडक्या लावून घ्याव्यात, खुर्चीची शिवण हुंगावी, इतकं मी कुणाला धरून ठेवलं असतं का, माझं मलाच सांगता येईना. मी तर आमच्या ह्यांना खिडकीशी बसवून त्यांचाही वास घालवला होता.

"तुम्हीच शिकवलंत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय," इंदूताई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच माझी खिडकी पुन्हा उघडली, बाहेरचा वारा तळहातावर घेतला, आणि पायऱ्या उतरून आपल्या घराकडं गेल्या.